पंगतीची साक्ष

धामणवाडीचे रायाजीराव इनामदार साठीकडे झुकले आणि नेमका तेव्हाच त्यांना मर्दानगीच्या औषधांचा ध्यास लागला. वास लागताच एक वैद्यबुवा बैलगाडीतून आले आणि त्यांनी सदरेवर लेह्याच्या बरण्यांची रांग मांडली. एकेकीची महती अशी, की नुसती ऐकून म्हातारा बोहल्यावर चढावा. वर सरदारांची शिफारसपत्रं. "मी स्वतः रोज चाटतो," वैद्यबुवा छाती फुगवून म्हणाले. यातली कोणती घ्यावी असं विचारलं, तर म्हणे सगळ्याच. आणि इनामदार त्यापायी आमराई लिहून द्यायला निघाले.

आमराई इनामदारांच्या पत्नी गोजराबाईंच्या माहेरची. त्या दाराआडून म्हणाल्या, "वैद्यबुवा, पत्रं सगळी पुरुषांचीच दिसतात. जेवण कसं झालं, ते आचाऱ्याला विचारतात की पंगतीला?"

वैद्यबुवा चिडले. "असल्या गोष्टी बायकांना विचारतात का कुणी?"

"चारचौघांत नाही विचारत. पण तुमच्या मंडळी मघापासून बाहेर गाडीत बसल्यात. सवाष्ण दारी येऊन हळदीकुंकवावाचून जाऊ नये. त्यांना आत पाठवा. लेह्याचं काय ते आम्ही बायका आपसांत बोलून घेऊ."

वैद्यबुवांनी घाम पुसला, बरण्या गोळा केल्या आणि भर उन्हात गाडी जुंपली.

इनामदार पोट धरधरून हसले. हसता हसता त्यांची नजर दाराकडे गेली आणि त्यांनी घाईघाईने उपरणं सावरलं. पंगत त्यांच्याही घरात होती.