दक्षिणेच्या भिंतीवरचा नकाशा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते सांगणाऱ्यालाही नीट ठाऊक नाही. डोंगरांच्या मधोमध एक गाव होते. गावातली बहुतेक माणसे मेंढ्या राखत. ती कष्टाळू होती, हुशार होती, पण लिहिता-वाचता त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हते.

त्या मुलखाच्या राजाला वाटले, आपल्या राज्यातल्या मुलांना आपला मुलूख कळला पाहिजे. म्हणून त्याने गावोगावी शाळा काढल्या. प्रत्येक शाळेला एक गुरुजी दिले आणि कापडावर रंगवलेला एक मोठा नकाशा दिला.

या गावाला मिळालेले गुरुजी तरुण होते. शिकवायचे मनापासून, पण स्वभाव फार लाजाळू. चार मोठ्या माणसांसमोर बोलायचे म्हटले की त्यांचा घसा कोरडा पडे. मुलांसमोर मात्र ते मोकळेपणाने बोलत.

शाळा एकाच खोलीची होती. एका बाजूला खिडकी होती, तिच्यातून सकाळचे ऊन आत येई. दक्षिणेची भिंत तेवढी मोकळी आणि कोरडी होती, म्हणून नकाशा तिथे टांगला. मुले नकाशाकडे तोंड करून बसत. गुरुजी नकाशाकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून उभे राहत.

"उजवा हात वर. ही पूर्व," गुरुजी म्हणत. "डावा हात वर. ही पश्चिम."

मुले हात वर करून एका सुरात म्हणत. नकाशातली पूर्व मुलांच्या उजव्या हाताला होती. गुरुजींच्या स्वतःच्या उजव्या हाताला तर खिडकी होती आणि खिडकीत सूर्य होता. त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असेच त्यांना वाटे. समोरासमोर तोंड केलेल्या दोन माणसांचे उजवे हात एका बाजूला नसतात, एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

मुलांनाही काही वावगे वाटले नाही. गावात पूर्व-पश्चिम कुणी म्हणतच नसे. सूर्य येतो ती उगवती, जातो ती मावळती. घरच्या दिशा वेगळ्या, शाळेतल्या वेगळ्या, असे मुलांनी धरून ठेवले होते. घरचे कपडे वेगळे आणि जत्रेचे वेगळे असतात, तसेच.

एकदा ठकू नावाच्या मुलीने विचारले, "गुरुजी, उगवतीकडून सूर्य येतो. मग पूर्वेकडून कोण येतं?"

"तुझा मामा येतो," मागून कुणीतरी म्हणाले, आणि सगळी शाळा हसली. गुरुजींना वाटले, पोरगी थट्टा करते आहे. त्यांनी तिला खाली बसवले आणि धडा पुढे नेला.

ठकू वर्गात सगळ्यात हुशार होती. तिला आई नव्हती. बाप मेंढ्या घेऊन नव्या कुरणाच्या शोधात गेला होता, कुठल्या बाजूला ते कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ती आत्याजवळ राहत होती.

एके दिवशी दुपारी गावात एक कासार आला. बांगड्यांच्या पेटीतून त्याने एक चिठ्ठी काढली. वाटेतल्या बाजारात राजाच्या एका कारकुनाने ती त्याला दिली होती. गावात वाचणारे कोण, तर शाळेतली मुले. गुरुजी त्या दिवशी शेजारच्या गावी गेले होते. म्हणून सगळ्यांनी ठकूलाच पुढे केले.

तिने वाचायला सुरुवात केली. तिच्याच बापाचा पाय मोडला होता. तिकडून जाणाऱ्या कारकुनाने पायाला काटक्या बांधल्या होत्या आणि दोन दिवस पुरेल एवढे पाणी त्याच्याजवळ ठेवले होते. त्यातला एक दिवस तर चिठ्ठी येण्यातच गेला होता. कारकुनाला इथल्या डोंगरांची नावे ठाऊक नव्हती. त्याने लिहिले होते, 'गावाच्या पूर्वेला तीन कोसांवर, दोन टेकड्यांमधल्या ओढ्याच्या काठी.'

"पूर्वेला म्हणजे कुठं, पोरी?" गावच्या म्हाताऱ्या पाटलाने विचारले.

ठकू धावत शाळेत गेली. नकाशासमोर आपल्या जागी उभी राहिली आणि तिने उजवा हात वर केला. तो हात मावळतीकडे होता. माणसे त्याला उचलून आणायला झोळी आणि काठ्या घेऊन तिकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थकून, रिकाम्या हातांनी परत आली. तिकडे टेकड्या होत्या, ओढाही होता, पण माणूस नव्हता.

मग सगळ्यांचा राग ठकूवर निघाला. कुणी म्हणाले, हिला धड वाचता येत नाही. कुणी म्हणाले, शाळेत जाऊन पोर खुळी झाली. आत्या तर तिला म्हणाली, "बापाचा घात केलास गं." चिठ्ठी हातात धरून ठकू नुसती उभी राहिली.

गुरुजी तेव्हाच गावात परतले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली. ठकूने ती बरोबर वाचली होती. मग चूक कुठे झाली? ते शाळेत गेले आणि प्रथमच मुलांच्या जागी, ठकूच्या चटईवर बसले. नकाशाकडे पाहत त्यांनी उजवा हात वर केला.

ऊन त्यांच्या डाव्या गालावर पडले होते.

म्हणजे मुलांचा उजवा हात आजवर मावळतीकडेच होत होता. हे अजून कुणालाच कळले नव्हते. 'आता दुसऱ्या बाजूला शोधा,' एवढेच सांगितले असते तरी माणसे गेली असती आणि गुरुजींची लाज राहिली असती. पण मग ठकूवरचा ठपका जन्मभर तिच्यावरच राहिला असता.

ते चावडीवर आले. घसा कोरडा पडला होता, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले.

"ठकू चुकली नाही. मी शिकवलं तेच तिनं केलं. मी उलटं शिकवलं. पूर्व म्हणजे तुमची उगवती. चला, वेळ घालवू नका."

पाटील रागाने म्हणाला, "तुमचं काय करायचं ते नंतर बघू, गुरुजी. आधी झोळी उचला."

गुरुजींनी झोळी उचलली. ठकू सगळ्यांच्या पुढे चालत होती. ऊन वर चढले तेव्हा दोन टेकड्यांमधून कुत्र्याचे भुंकणे ऐकू आले. बाप एका खडकाला टेकून बसला होता. ओठ सुकले होते, पाण्याचे भांडे रिकामे झाले होते. ओढा दहा पावलांवर होता, पण त्याला तिथवर सरकता येत नव्हते. मेंढ्या आजूबाजूला खुशाल चरत होत्या.

लेकीच्या ओंजळीने पाणी प्यायल्यावर तो म्हणाला, "उशीर केलात. तुमची वाट बघून या कुत्र्यानं माझी भाकरी संपवली."

वाटेत झोळीत पडल्या पडल्या त्याने सगळी हकिगत ऐकली. पाटील म्हणत होता की, असला गुरुजी राजाकडे परत पाठवू. झोळीचे पुढचे टोक गुरुजींच्याच खांद्यावर होते. ते मान खाली घालून चालत होते.

"परत नका पाठवू," बाप म्हणाला. "यांनी तोंड मिटून घेतलं असतं, तर माझ्या पोरीला उद्यापासून कुणी शाळेत पाठवलं नसतं. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

पाटलाने तो विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी नकाशा भिंतीवरून काढला आणि अंगणात जमिनीवर पसरला. नकाशाची पूर्व त्यांनी उगवतीकडे फिरवली आणि मुलांना भोवती बसवले. गुरुजीही बसले, कधी या मुलाशेजारी, कधी त्या मुलीशेजारी. काही विचारल्यावर एखाद्या पोराचे हसे झाले, तर गुरुजी धडा थांबवत आणि त्याच्या जागी जाऊन बसत.

पुढे त्या गावातली मुले दूरदूरच्या मुलखात मेंढ्या घेऊन गेली, आणि आपापल्या वाटेने सुखरूप घरी परत आली.

तात्पर्य: शिकवणाऱ्याने मुलांच्या जागी बसून पाहावे, आणि चूक आपली दिसली तर ती सगळ्यांदेखत आपली म्हणावी.