दुसऱ्याच्या हातचे डोळे

"...मग डोळं कोण रेखणार?" हिंदुरावने विचारले.

"ज्याला सांगाल तो," गिरीबुवा म्हणाले.

"आणि कुणाला सांगितलंच न्हाई तर?"

"तर बैल आंधळा राहील."

असला नियम हिंदुरावने जन्मात ऐकला नव्हता, आणि तो स्वतः कुंभार होता. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरे सांगायचे तर ती तिथे बरेच दिवस मुक्कामालाच होती.

नदीपलीकडच्या गिरीबुवांच्या मठात गावातली म्हातारी माणसे सकाळपासून जमत. बेंदूर जवळ आला होता, आणि बेंदराला घरोघर मातीचे बैल पुजायचे असतात. म्हणून बुवांनी सगळ्यांना बैल करायला बसवले होते. ज्याचा बैल त्याने घडवायचा, वाळला की चुना द्यायचा, शिंगे रंगवायची. डोळे मात्र आपल्या बैलाला आपण काढायचे नाहीत, दुसऱ्याला सांगून काढून घ्यायचे. मठात नियम म्हणून होता तो एवढाच.

हिंदुराव तिथे शिष्य व्हायला आला होता. निदान बुवांना त्याने तसे सांगितले होते. आला होता तो पाळत ठेवायला.

कारण त्या म्हाताऱ्यांत त्याचे वडील सुबरावही होते.

सुबराव कुंभारांच्या गणपतीचे डोळे म्हणजे पंचक्रोशीत नाव. मूर्ती कुणीही घडवो, डोळे रेखायला हात सुबरावांचाच. गेल्या साली ऐन गणपतीत, गिऱ्हाइके समोर उभी असताना, त्यांचा हात कापला आणि काळी रेघ देवाच्या गालावर उतरली. हिंदुरावने पुढे होऊन त्यांच्या हातातला कुंचला काढून घेतला.

"बसा आता, आबा. लई केलंसा."

शब्द मायेचे होते. कुंचला मात्र त्याने हिसकावून घेतला होता, आणि ते सगळ्यांनी पाहिले होते.

तेव्हापासून सुबराव परसातल्या कट्ट्यावर बसून राहत. दोन्ही हात काखेत दाबलेले. कुणी बोलले तर हूं, नाही बोलले तर तेही नाही. भरल्या घरात माणूस एकटा पडावा तसे ते पडले होते. आणि मग एक दिवस ते आपणहून उठले आणि मठाच्या वाटेला लागले.

दुसरा कुणी मुलगा असता तर त्याने देवापुढे साखर ठेवली असती. हिंदुरावला वाटले, यात काहीतरी पाणी मुरतेय.

बुवाला काय हवंय? फुकटचे कामकरी? ह्या म्हाताऱ्यांचे बैल बाजारात नेऊन मठ मोठा करायचाय? शिवाय आणखी एक शंका होती, ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. आबा तिथे बसून आपल्याबद्दल सांगत असतील. कुंचल्याचं सांगत असतील.

बुवांनी त्याला माती मळायला लावले. तो माती मळत होता आणि डोळ्यांत तेल घालून बघत होता.

त्याला दिसले ते असे. म्हातारी माणसे एकमेकांच्या नुसती मागे लागलेली असत.

"ओ आक्काताई, माझ्या बैलाला डोळं द्या की."

"कालचं दिलं ते पुसून टाकलंस, आणि आज परत आलास व्हय रे?"

"तिरळा केला हुतासा त्याला!"

"बैल तुझ्यावर गेलाय, त्याला मी काय करू?"

हसणे, भांडणे, रुसणे. आक्काताई गुरव ही जाड भिंगाच्या चष्म्याची बाई तर बैलाच्या डोळ्यांना पापण्यासुद्धा काढायची. हिंदुराव मनातल्या मनात नाक मुरडायचा. सगळी कला मातीत घातली ह्यांनी, म्हणायचा.

एकदा झाडलोट करताना त्याला बुवांच्या आसनामागे कोनाडा दिसला. कोनाड्यात भगव्या फडक्यात काहीतरी गुंडाळून ठेवलेले होते. त्याने हात पुढे केला.

"तिथलं राहू दे," बुवा पटकन म्हणाले.

एरवी हा माणूस कधी पटकन काही बोलत नसे. हिंदुरावने हात मागे घेतला, पण कोनाडा काही त्याच्या डोक्यातून जाईना.

फळीच्या अगदी टोकाला सुबरावांचा बैल उभा होता. वशिंड, गळ्याखालची पोळी, उचललेली मान, सगळे जिथल्या तिथे. हात कापत असूनही माती त्यांचे ऐकत होती, फक्त बारीक रेघ ऐकत नव्हती. साऱ्या फळीवर एवढा देखणा बैल दुसरा नव्हता. आणि आंधळा असा तेवढाच एक होता.

सुबराव त्याच्यासमोर बसून राहत. हात काखेत. कुणाला सांगत नसत. आणि एवढ्या मोठ्या कारागिराला आपण होऊन विचारायची कुणाची छाती होत नसे.

हिंदुराव बुवांकडे गेला.

"आबांचा बैल तुमी आंधळा ठेवलाय."

"मी नाही ठेवला."

"मग कुणी?"

"त्यांनी कुणाला सांगितलं नाही."

"जलमभर देवाचं डोळं रेखलं त्यांनी. त्यांनी कुणाच्या पाया पडायचं?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिले...

"पाया पडायचं कोण म्हणालं?"

हिंदुरावच्या अंगाचा तिळपापड झाला. आता त्याला सगळे लख्ख कळले, असे त्याला वाटले. हा नियमच आबांना खाली बघायला लावण्यासाठी होता! मोठ्या माणसाला लहान केले की मठाचा मोठेपणा वाढतो, दुसरे काय.

दुपारी सगळे जेवायला पंगतीत बसले, तेव्हा हिंदुराव एकटाच मागे राहिला. त्याने कुंचला घेतला, काजळीचा रंग घेतला. आणि वडिलांच्या बैलाला डोळे रेखले. श्वास धरून रेखले. असे डोळे त्याने देवालाही कधी रेखले नव्हते. मनात माया होती, राग होता, आणि थोडे असेही होते की आबांनी बघावे, मुलगा काय करू शकतो ते.

जेवणे झाली. फळीपाशी गर्दी जमली.

"अगं बाई! जित्ता झाला की गं!" आक्काताई म्हणाली.

सुबराव पुढे आले. बैलासमोर उभे राहिले. बघत राहिले...

हात कुणाचा, हे त्यांना विचारावे लागले नाही. तो हात त्यांनीच घडवला होता.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, बैलावर टाकला, आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी ते मठात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. परसातला कट्टा, काखेतले हात, सगळे पुन्हा पहिल्यासारखे झाले.

हिंदुराव तणतणत बुवांपुढे उभा राहिला.

"बगितलंसा? तुमच्या नेमापायी माझ्या आबांनी पुन्हा बोलणं टाकलं!"

बुवा उठले. फळीपाशी गेले. टॉवेल उचलून त्यांनी बैल नीट न्याहाळला.

"फार सुंदर," ते म्हणाले.

मग त्यांनी शेजारच्या पाण्याच्या वाडग्यात अंगठा बुडवला आणि बैलाचे दोन्ही डोळे पुसून टाकले.

"अहो! हे काय केलंसा!"

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायचं कशाला? माझा बाप हाय त्यो!"

"म्हणूनच तू विचारलं नाहीस," बुवा म्हणाले.

हिंदुरावला गिऱ्हाइकांनी भरलेला कारखाना आठवला. तेव्हाही त्याने विचारले नव्हते.

बुवांनी मातीचा गोळा त्याच्यापुढे ठेवला.

"बैल कर."

बैल करायला हिंदुरावला वेळ तो किती! बैल झाला, वाळला, चुना चढला. त्याने सवयीने कुंचल्याकडे हात नेला. बुवांनी कुंचला उचलून बाजूला ठेवला.

"मग तुमीच काढा डोळं," हिंदुराव म्हणाला.

"मला नाही येत."

त्याने आक्काताईला विचारले. तिने दोन्ही कानांना हात लावले. "तुझ्या बैलाला? नगं बाबा. माझं डोळं बघून तू झोपायचा न्हाईस."

ती काही खोटे बोलत नव्हती.

गावात एकच माणूस होता. आणि त्याचा हात कापत होता. हा मेला बुवा आपल्याला कुठे ढकलतोय, ते हिंदुरावला आता दिसत होते, आणि तरीही त्याने कुंचला, रंग आणि बैल उचलला.

सुबराव परसात बसले होते.

"आबा..."

त्याने बैल कट्ट्यावर ठेवला.

"डोळं राह्यल्यात."

"तू काढ की. तुझा हात चांगला हाय."

"माझ्या बैलाचं मला काढायचं न्हाईत."

सुबरावांनी मान वर केली. संशय त्या घरात वडिलोपार्जितच असावा.

"बुवानं धाडलं?"

"व्हय." हिंदुराव थांबला. "पर तुमच्याबिगर दुसरा कुणी न्हाई, आबा. म्या सांगायलोय तुमास्नी. काढा."

"ह्या हातानं?"

"त्याच हातानं."

मग काखेतून एक हात बाहेर आला. वाऱ्यावर पान हलावे तसा हलत होता. सुबरावांनी कुंचला धरला, रंगात बुडवला, बैलाच्या तोंडाजवळ नेला.

रेघ घसरली. पार शिंगापर्यंत गेली.

हिंदुरावचा हात आपोआप पुढे झाला. कुंचल्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला. मग हिंदुरावने तो मागे घेतला. दोन्ही हात काखेत घातले, गच्च दाबले, आणि तसाच बसून राहिला.

सुबरावांनी ते पाहिले.

त्यांनी दुसरा डोळा काढला. तो पहिल्याच्या दुप्पट झाला.

"एक तुझ्याकडं बगतोय," ते म्हणाले, "आन एक माझ्याकडं."

वर्षभरात त्यांनी एका दमात बोललेले ते सगळ्यांत मोठे वाक्य होते. हिंदुरावच्या डोळ्यांना धार लागली, आणि त्याने ती पुसली नाही, कारण हात काखेत होते.

"माझा बैल कुठं हाय?" सुबरावांनी विचारले.

"मठात. बुवांनी त्येचं डोळं पुसलं."

"ब्येस केलं," सुबराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मठात हजर झाले. फळीवरून त्यांनी आपला बैल उचलला. हिंदुराव माती मळायचा थांबला. त्याला वाटले, आता आबा आपल्याकडे येणार, आपल्याला सांगणार. तो हात धुऊनसुद्धा बसला.

सुबराव त्याच्या समोरून पुढे गेले.

"आक्काताई," ते म्हणाले, "ह्येला डोळं द्या की जरा."

आक्काताईने चष्मा पुसला, पदर खोचला, आणि त्या देखण्या बैलाला पापण्यांसकट दोन डोळे काढले. एक वर, एक खाली.

सुबरावांनी बैल लांब धरून पाहिला.

"तिरळा केलासा की हो!"

"बैल तुमच्यावर गेलाय!"

आणि सुबराव हसले. सगळेच हसले. शेजारचा म्हातारा आपला बैल घेऊन सरकत सरकत सुबरावांजवळ आला. म्हणाला, माझ्या बैलाचं तुमी काढा. मग दुसरा आला. दुपारपर्यंत सुबरावांच्या कापऱ्या रेघेचे आठ-दहा बैल झाले असतील, आणि जेवायच्या पंगतीत सुबरावांना कुठे बसवायचे, यावरून दोघांचे भांडण झाले.

हिंदुराव लांबून बघत होता. बरे वाटत होते, आणि टोचतही होते. मला का नाही सांगितलं? आणि संशयी माणसाला एकदा टोचले की त्याला जुनी गाठ आठवते. सगळे जेवायला गेल्यावर तो बुवांच्या आसनापाशी आला.

"बुवा, एक सरळ विचारतो. बैल तुमी बाजारात न्हेत न्हाई. आबांनी माझं काही वंगाळ सांगितलं म्हणावं, तर तेबी तुमी कधी काढलं न्हाई. मग एवढं सगळं कशापायी? तुमाला आमच्याकडनं पायजे काय?"

बुवांची नजर आसनामागे गेली.

"आन त्या कोनाड्यात काय दडवून ठेवलंय?"

बुवांची मान खाली गेली. हिंदुरावला वाटले, सापडला!

बुवा उठले. कोनाड्यातले फडके त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर काढले आणि हिंदुरावसमोर ठेवून सोडले. आत मातीचा बैल होता. बोजड, आखूड पायांचा, बैलापेक्षा कुत्र्याकडे झुकणारा. चुना पिवळा पडून गेला होता. शिंगांचा रंग उडाला होता. किती वर्षांचा असेल कोण जाणे.

त्याला डोळे नव्हते.

हिंदुरावने बैलाकडे पाहिले. बुवांकडे पाहिले. बुवा लहान पोरासारखे अवघडून उभे होते.

"रोज ठरवतो, आज कुणाला तरी सांगू," बुवा म्हणाले... "तू काढतोस का रे?"