राजहंसाचं तेरावं

राजहंस मेला आणि रणधवल राजाच्या नगरीत एकच गदारोळ उठला! ज्यांनी त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ते भर चौकात ऊर बडवू लागले. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे शेजारच्या राजाने करणी केली. गावात दोन तट पडले, आणि न्हावी समोरच्या तटातल्यांची हजामत अर्धीच सोडून देऊ लागले.

मुळात तो बगळा होता. कुठून तरी उडत आला आणि राजवाड्यामागच्या तळ्यावर उतरला. महाराज म्हणाले, "राजहंस!" झालं, सगळ्या दरबाराला तो राजहंस दिसू लागला. राजहंस मोती खातो आणि दूध पितो, हे धुंडिराजशास्त्र्यांनी पोथीतून काढून दाखवलं. लगेच फर्मान सुटलं. पाहुण्याला मखमली चौरंग मिळाला. एवढा मान सोडून उडून जायचा अविचार त्याने करू नये, म्हणून पायात चांदीची साखळीही मिळाली. दोन्ही वेळा वाटीभर दूध आणि तीन टपोरे मोती! हा पाहुणचार त्या बिचाऱ्याने नऊ दिवस सोसला.

आता थाटात तेरावं घालायचं, तर गुन्हेगारही हवाच. पहारेकऱ्याला आठवलं, की तळ्यात जाळं टाकणाऱ्या गोजरा भोईणीने पाचव्या दिवशी पक्ष्यापुढे एक मासा फेकला होता. तिला दरबारात उभं केलं.

"माशाने बाटला, म्हणून मेला!" शास्त्रीबुवा गरजले.

"अवो, गपकन गिळला त्यानं," गोजरा म्हणाली. "भुकेला दिसला, जीव कळवळला माझा."

"राजाचा पाहुणा आणि भुकेला?" महाराज लालबुंद झाले. "तुझ्या माशाने मेला नाही, तर तेराव्याच्या पंगतीत खरा मारेकरी माझ्या पुढ्यात आण. नाहीतर तळ्याकाठचा तुमचा भोईवाडा त्याच दिवशी उठवीन!"

भोईवाड्यात चाळीस घरं होती. पण गोजराने मान खाली घातली नाही.

"आणते, म्हाराज. पर तेराव्याला गेलेल्याच्या आवडीचं रांधत्यात न्हवं? त्या दिवशी मुदपाकखाना माझ्या हाती द्या."

"दिला!"

तेराव्या दिवशी सरदार, मानकरी, शास्त्री झाडून सगळे हजर. मोठी पंगत म्हणून सकाळपासून कुणी तोंडात घासही घातला नव्हता. पाट, रांगोळ्या, उदबत्त्या, केळीची पानं. दुपार टळता टळता गोजराने स्वतः वाढलं. प्रत्येक पानात एक वाटी दूध आणि तीन मोती!

महाराजांनी बराच वेळ वाट पाहिली. "बाकीचं कधी येणार?"

"बाकीचं काय, म्हाराज? राजहंसाच्या आवडीचं एवढंच. पोथीत लिवलंय म्हणं."

शास्त्रीबुवांनी एक मोती तोंडात टाकला आणि कळवळून दाढेला हात लावला.

"सावकाश होऊ द्या," गोजरा आदबीने म्हणाली. "रातच्यालाबी हेच हाय. नऊ दिसांचा बेत केलाय."

"नऊ दिवस?" महाराज ताडकन उठले. "अगं, अशाने माणूस मरेल!"

गोजराने हात जोडले.

"मारेकरी पुढ्यात आणते म्हणले हुते. आणलाय, म्हाराज. पानात वाढलाय!"

"पण राजहंसाला हे वाढायचा हुकूम कुणी..." महाराज बोलता बोलता थांबले.

"फर्मानाखाली नाव असंल की! मी अडाणी बाई, मला वाचाया येत न्हाई. शास्त्रीबुवांस्नी येतं, त्यास्नी इचारा!"

शास्त्रीबुवा रांगोळीचे ठिपके मोजू लागले. महाराजांनी एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा गोजराकडे पाहिलं, आणि असे खदाखदा हसले की त्यांच्या डोक्यावरचा मंदील दुधात पडला!

"भोईवाडा तिथेच राहील! तळ्यातली मासळीही पिढ्यान् पिढ्या तुमचीच! आणखी माग. हे सगळे मोती नेतेस?"

"मोती नगं, म्हाराज. पुढल्या साली दुसरा बगळा आला, तर त्याचा सन्मान करू नगा. एवढं द्या."

"दिलं!" महाराज पोट धरून म्हणाले. "आणि आता मुकाट्याने भात वाढ, गोजरा. मला राजहंस व्हायचं नाही!"