घंटागाडी आणि महाराजांचा फ्लेक्स

मोहरपूरच्या महाराजांनी मोठ्या हौसेने कचऱ्याच्या तक्रारींसाठी 'दाखवा-उचला' ॲप काढलं, आणि पहिल्याच सोमवारी त्यावर खुद्द महाराजच कचरा म्हणून झळकले!

झालं असं, की त्यांच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स वाऱ्याने उडून भाजीबाजारातल्या गटारावर आडवा झाला. कुणीतरी फोटो काढून धाडला. ॲपला राजा काय नि केळ्याची सालं काय, सगळं सारखंच! त्याने बेधडक शेरा मारला, 'सुका कचरा. त्वरित उचला.'

महाराजांचा पारा चढला. तक्रार पुसून टाकावी, तर प्रधान म्हणाले, "नियम आपलाच आहे, महाराज. मोकळ्या जागेचा फोटो आल्याशिवाय तक्रार मिटत नाही!"

मग वड्याचं तेल वांग्यावर! घंटागाडी चालवणाऱ्या कौतिकाबाईला दरबारात बोलावणं गेलं.

"जागा मोकळी कर! पण माझा फ्लेक्स कचऱ्यात टाकलास, फाडलास, जाळलास किंवा घडी घालून दडवलास, तर गाडीची किल्ली ठेवून घरी जायचं!"

कौतिका गाडी शिकत होती तेव्हा सगळं गाव तिला हसलं होतं. ती किल्ली तिचा जीव की प्राण होती. तरी ती म्हणाली, "म्हंजे म्हाराज, तुमास्नी हलवायचं, पन कुटं टाकायचं न्हाई! धुतलं तर चालंल?"

"धू!" महाराज गुरगुरले.

संध्याकाळी तक्रार मिटली. फ्लेक्सचं काय झालं ते बघायला महाराज तडक कौतिकाच्या कचरा निवडायच्या शेडवर पोचले. "कुठं आहे मी?"

"वर बगा की!"

छपराचे पत्रे वादळात उडाले होते, नुसते बांबू उरले होते. त्यांवर धुऊन लख्ख केलेला फ्लेक्स ताणून बांधला होता. खाली कचरा निवडणाऱ्या बायका, वर मिशीला पीळ देणारे महाराज!

"माझी ताडपत्री केलीस?"

"ताडपत्री? ह्याला राजाचं छत्र म्हंत्यात! आजवर नुसतं ऐकून व्हतो, आज डोस्क्यावर आलं! आन् ॲप म्हनलं 'उचला'. आमी तर म्हाराजांना उचलून धरलं!"

महाराजांची मिशी थरथरली, आणि ते पोट धरधरून हसले.

"प्रधानजी, उद्याच इथं पक्के पत्रे! आणि हिला सगळ्या घंटागाड्यांची मुकादम करा!"

"पत्रे घाला की," कौतिका म्हणाली, "पन म्हाराजांना खाली उतरवायची हिंमत कोन करनार?"