मंदामावशीचा डावा हात

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. डोळ्यांनी पाहिली असं म्हणणार होतो, पण अणूच्या आत माझे डोळे शिरत नाहीत. तेव्हा ऐकीव समजा.

फार पूर्वी बेरियमच्या एका अणूत कणू नावाचा इलेक्ट्रॉन राहायचा. विजूआत्या, म्हणजे वीज, त्याला दिवसभर फिरवायची. मधल्या घरात, अणुकेंद्रात, मंदामावशी, म्हणजे निसर्गातलं दुर्बल आण्विक बल, असायची. तिचं बळ इतकं कमी की तिला कुणी कामच सांगत नसे. कणू अगदी जवळून गेला की ती त्याला हळूच थोपटायची, नेहमी डाव्या हाताने, एवढंच.

एकदा दारात आरसा आला आणि त्याच्यातून दुसरा कणू बाहेर पडला. दोघेही म्हणाले, "मीच खरा."

"एकच ठेवा," आरसा म्हणाला. "दुसऱ्याला मी कायमचा आत नेतो."

विजूआत्याने दोघांना फिरवून पाहिलं. "मला मेलीला डावं-उजवं कधी कळलंय? दोघे सारखेच दिसतात."

खरा कणू रडवेला झाला. तेवढ्यात मंदामावशी म्हणाली, "जरा जवळ या रे दोघे."

तिने थोपटायला हात उचलला. एकाने सवयीने मान किंचित त्या हाताकडे कलती केली. दुसऱ्याने उलट्या बाजूला.

"हा आमचा," म्हणत मावशीने पहिल्याला कुशीत घेतलं.

"अगं, पण केवढासा तो फरक," विजूआत्या म्हणाली.

"हात तरी कुठे मोठा आहे माझा?"

आता कबूल करतो: आरसा बोलला, कणू रडला, हे मी रचलं. मावशी दुबळी आहे आणि डावखुरी आहे, तेवढं मात्र माझं नाही, विज्ञानाचं आहे.