फिलूने शांती दिली नाही

फार पूर्वी वसईकडच्या एका चर्चच्या आवारातली जनावरंही दर रविवारी प्रार्थनेनंतर माणसांसारखी एकमेकांना शांती देत, म्हणजे पंख किंवा पाय पुढे करून 'शांती असो' म्हणत. एका रविवारी बदकिणीची अंडी फुटलेली सापडली. ती म्हाताऱ्या टर्कीने, पास्कोलने तुडवली होती आणि तरण्या फिलू कोंबडीने ते पाहिलं होतं. पंचांनाही ते ठाऊक होतं, तरी त्यांनी फाटकाजवळच्या लंगड्या कुत्र्यावर ठपका ठेवला आणि त्याला हाकलायचं ठरवलं.

फिलू बोलायला उठली, तसा पंचांतला इनास बोकड खेकसला, "गप बस, पोरी! पास्कोलबाबा तुझ्या आजाच्या वयाचे. प्रभू क्षमा करायला सांगतो, चव्हाट्यावर मांडायला नाही."

"मग कुत्र्याला का नाही क्षमा? त्याने तर काही केलंही नाही."

उत्तर नसलं की म्हातारे प्रार्थना सुरू करतात, तशी इनासने केली. ती संपताच पास्कोलने फिलूपुढे पंख धरला. "शांती असो, बाळा."

फिलूने आपले पंख अंगाशी घट्ट आवळले. "आधी बदकिणीला सांगा तुम्ही काय केलंत. मग या."

पास्कोल बदकिणीकडे वळला, पण तिच्यासमोर त्याने मान खाली घातली. बदकीण समजायचं ते समजली. तिनेही पंख मिटले.

त्या रविवारी कुणी कुणाला शांती दिली नाही. कुत्र्याला हाकलायलाही कुणी उठलं नाही.