पहिला खांदा कुणाचा

आधीच सांगतो, र्‍हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही घरातलेच आहेत. गोष्ट मात्र आमच्या केतकोंडात सांगतात तशीच आहे.

फार वर्षं झाली. डोंगराच्या पोटाशी वसलेल्या केतकोंडात तेव्हा कौलं कुणी पाहिली नव्हती. सगळी घरं केंबळी, म्हणजे गवतानं शाकारलेली, आणि ती शाकारायचा धाकोजी. असं म्हणतात, की त्यानं बांधलेल्या छपराखाली वादळातही दिव्याची वात हलत नसे.

त्याच वाडीत भागीबाय राहायची. तापाच्या साथीत तिचं सगळं माणूस गेलं, मागोमाग भिंती बसल्या. तेव्हापासून ती आज या पडवीत, तर उद्या त्या पडवीत. वाडी वाईट नव्हती, तिला कुणी उपाशी ठेवलं नाही. तरी एकदा ती धाकोजीला म्हणाली, "धाकूदादा, पोट भरतं रे. पण मरायच्या आधी माझी चूल पाहिजे."

ते धाकोजीच्या मनात रुतून बसलं. गवत रानात होतं, लाकूड रानात होतं, हात त्याचे होते. अडचण होती ती रीतीची. छप्पर जमिनीवर बांधायचं आणि मग उचलून मेढींवर, म्हणजे पुरलेल्या खांबांवर, ठेवायचं. उचलताना पहिला खांदा घरच्या पुरुषाचा लागे. परक्यानं तो दिला, तर त्या दिवसापासून तोच घरचा. मग त्या घरातलं दुखणंखुपणं, शेवटची लाकडं, सगळं त्याच्याकडे. म्हणून भागीबायच्या छपराला खांदा द्यायला कुणी पुढे येईना. धाकोजीनं दिला असता. पण तो तिच्याहून वयानं मोठा. तो गेला की भागीबाय पुन्हा पडवीत.

धाकोजीनं पुष्कळ विचार केला आणि एक दिवस देवळापुढच्या माळावर छप्पर बांधायला घेतलं. घर इवलंसं, पण वासे मात्र चारी बाजूंनी हात-हातभर बाहेर काढलेले. वाडीचा प्रमुख विठोजी गावकर बघायला आला आणि म्हणाला, "धाकोजी, गवत उरलं म्हणून डोकं पण शाकारलंस काय?" धाकोजी हसला आणि सुंभाची गाठ ओढत राहिला.

छप्पर झालं तशी त्यानं सगळी वाडी बोलावली. म्हणाला, पहिला कुणीच नको, ढोल वाजला की सगळे एकदम वाका. माणसं बाहेर काढलेल्या वाशांना लागून चारी बाजूंनी उभी राहिली. धाकोजीनं ढोलावर टिपरी मारली. कुणी वाकलं नाही. जो तो दुसऱ्याच्या खांद्याकडे बघत होता. लांब चिंचेखाली भागीबाय बसली होती. तिनं मान खाली घातली. आता माणसं परत गेली, तर पुन्हा यायची नाहीत, हे त्याला कळत होतं.

मग तो हळूच म्हणाला, "डोळे मिटा."

सगळ्यांनी डोळे मिटले. ढोल वाजला. असं म्हणतात, की खांदे लागायच्या आधीच छप्पर वर उठलं. बगळ्याच्या पिसासारखं हलकं झालं आणि माळावरून तरंगत निघालं. खाली माणसं मिटल्या डोळ्यांनी चालत होती. ना कुणाला ठेच लागली, ना कुणी दिशा चुकलं. डोळे उघडले तेव्हा छप्पर भागीबायच्या जुन्या जागेवर पुरलेल्या मेढींवर बसलेलं होतं.

गावकरानं विचारलं, "पहिला खांदा कुणाचा?"

जो तो आपला खांदा झटकू लागला. एका बाईनं नवऱ्याला टोमणा मारला, की ताटावर तर रोज पहिले असता. लोक हसले. गावकरानं चौकशी तिथंच सोडली, कारण त्याच्याही खांद्याला गवताची काडी चिकटली होती.

तेव्हा मागोमाग आलेली भागीबाय पुढे झाली. "ठरत नसेल तर सगळ्यांचाच धरते," ती म्हणाली. "मी मेल्यावर भांडू नका म्हणजे झालं."

आणि तसंच झालं. ती आजारी पडली की घराघरातून पेज यायची. गेली, तेव्हा लाकडंही घराघरातून आली.

आता केंबळी घरं राहिली नाहीत. घरकुलं आली, स्लॅब आले. तरी केतकोंडात एकट्या माणसाचं घर आधी बांधतात. त्या दिवशी पहिलं घमेलं धाकोजीच्या नावानं सगळे मिळून, डोळे मिटून उचलतात. पहिला हात कुणाचा लागला, हे विचारायचं नाही.

छप्पर चढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकोजी काम कसं बसलंय ते बघायला गेला. तो आत पाऊल टाकणार, तोच भागीबाय आतून म्हणाली, "बाहेरच थांब. सारवण ओलं आहे."

धाकोजीनं पाऊल मागे घेतलं आणि सारवण वाळेपर्यंत तो दाराबाहेर मुकाट उभा राहिला.